सासूसुनेच्या दाढा

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात माझी अक्कलदाढ दुखायला लागली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाईंचीही. मी माझी त्यांच्यापासून लपवली, त्यांनी त्यांची माझ्यापासून. घरात आम्ही दोघीच. सासरे आणि नवरा बोट घेऊन समुद्रात गेले की आठवडाभर परतायचे नाहीत. तेव्हा एका घरात दोन बायका, दोघींचा एकेक गाल ठणकतोय, आणि दोघी एकमेकींकडे बघून गोड हसतायत, असं आमचं चाललं होतं.

माझं लपवण्याचं कारण सरळ होतं. मी उमरोळीची. वडील शाळामास्तर, घरामागे थोडी भातशेती. लग्न होऊन आले ती बोईसरच्या पश्चिमेला, समुद्राला टेकलेल्या या गावात, मासेमारांच्या घरात. मासे माहेरीही खायचो, पण इथं सकाळी मासे, दुपारी मासे आणि मधल्या वेळेला सुकटीची चटणी. सासूबाई मला मनापासून खाऊ घालायच्या. अशा बाईला ‘मला चावता येत नाही’ म्हणून सांगितलं, तर त्यांना वाटणार सुनेला आपल्या हातचं रुचत नाही. नव्या सुनेच्या डोक्यात असले हिशेब फार चालतात. कामावर मात्र सोय होती. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला. दिवसभर तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. गाल सुजलाय की नाही हे तिथं काचेच्या नळ्यांशिवाय कुणाला दिसणार?

सासूबाईंचं कारण वेगळं होतं. त्यांच्या दातांचा गावात दरारा होता. सोड्याच्या बाटलीचं झाकण त्या दाढेखाली धरून उघडायच्या. जाळ्याचा नायलॉनचा दोर कात्रीनं कापताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. चिंबोरीची नांगी तर त्यांच्या तोंडात गेली की बाहेर ओटीवर बसलेल्याला ‘कट्’ असा आवाज यायचा. “माज्या एकाही दाताला डाक्टरचा हात लागला नाय,” हे वाक्य माझ्या साखरपुड्यात मी पहिल्यांदा ऐकलं, हळदीत दुसऱ्यांदा. आता ही बाई कोणत्या तोंडानं सांगणार की माझी दाढ दुखते?

एका रविवारी त्यांनी चिंबोऱ्यांचा रस्सा केला. मी भाकरीचा मऊ पापुद्रा रश्शात भिजवून उजव्या बाजूनं गिळत होते. नांग्या तशाच ताटात. त्या तशा राहिल्या तर विषय निघणार, म्हणून मी त्या उचलून सासूबाईंच्या ताटात ठेवल्या.

“आई, तुम्ही घ्या. तुम्हांला आवडतात.”

त्यांनी नांग्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्या परत माझ्या ताटात आल्या. “खा गो तू. बारीक झालीस.”

“नको आई, तुम्हीच.”

“नाय, तू.”

नांग्यांनी बऱ्याच फेऱ्या मारल्या. शेवटी त्या पातेल्यात परत गेल्या, आणि मी मनाशी म्हटलं, किती जीव लावतात सासूबाई! नंतर कळलं, त्याही मनाशी हेच म्हणत होत्या.

दोघींचं बिंग फुटलं ते बर्फामुळे. मासळीच्या घरात बर्फाला तोटा नसतो. आमच्या परसात थर्माकोलची मोठी पेटी कायम भरलेली. त्या दिवशी दुपारी ठणका असह्य झाला, तशी मी हळूच मागच्या दारानं बाहेर पडले. पेटीतून मूठभर बर्फ काढला, ओढणीत बांधला, आणि कुणी बघू नये म्हणून वलांड्यांच्या मागे गेले. वलांड्या म्हणजे बोंबील वाळत घालायचे बांबूंचे मांडव. बोंबलांचे दाट पडदे लटकत होते, त्यांच्याआड लपायला छान जागा होती. पण ती जागा आधीच कुणीतरी घेतली होती. पालथ्या घमेल्यावर सासूबाई बसल्या होत्या, डोळे मिटलेले, आणि उजव्या गालाला पदरात गुंडाळलेला बर्फ.

त्यांनी डोळे उघडले. माझ्या हातातली ओढणी पाहिली. ओढणीतून पाणी ठिबकत होतं.

“तुजी पण?” त्या म्हणाल्या.

“डावीकडची. आणि तुमची?”

“उजवीकडची.”

पुढे आम्ही दोघी जे हसलो! हसलं की कळ जायची, कळ गेली की ‘आई गं’ व्हायचं, आणि दोघींचं ‘आई गं’ एकदम झालं की परत हसू. मला एक बादली पालथी घालून दिली त्यांनी. बोंबलांच्या आड बसून आम्ही एकमेकींना सगळं सांगून टाकलं. डब्यातल्या लवंगा कुणी संपवल्या, चपाती चहात कोण बुडवतं, भाकरीचे कडक काठ कुणी कोंबडीला टाकले, सगळं. लग्नाला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते, आणि एवढं बोलणं आमच्यात एका बैठकीत कधीच झालं नव्हतं.

“उद्या बोईसरला जाऊ दातांच्या डॉक्टरकडे,” मी म्हणाले.

“जाऊ. पण गावात कुणाला सांगायचं नाय. माजे दात म्हणजे... तुला ठावं हाय.”

“मग काय सांगायचं?”

त्यांनी क्षणभर विचार केला. “साड्या घ्यायला जातो, सांगू.”

बोईसरची डॉक्टर माझ्याच वयाची होती. तिनं एक्स-रे काढले, दिव्याच्या पाटीवर लावून दाखवले. माझी दाढ पुढच्या दाढेवर डोकं टेकून आडवी झोपली होती. सासूबाईंची उभी होती, पण आतून किडून पोखरलेली.

“काकू, तुमची अक्कलदाढ काढावी लागेल.”

सासूबाई खुर्चीत ताठ झाल्या. “अक्कलदाड? या वयात? माजी अक्कल कवाच आली.”

“अक्कल कधीची आली असेल, काकू. दाढ खराब आता झालीय. बाकीचे दात मात्र काय सुंदर आहेत तुमचे! मी रोज इतकी तोंडं बघते, असे दात नाही बघायला मिळत.”

बस्. त्या एका वाक्यावर सासूबाई तिच्या झाल्या. तिनं त्या क्षणी सगळी बत्तिशी मागितली असती तरी काढून दिली असती. डॉक्टरनं दोघींना आधी गोळ्या दिल्या, सूज उतरल्यावर यायला सांगितलं. वेगवेगळे दिवस देत होती, तर सासूबाईंनी हात वर केला. “इची काढाल तवाच माजी पण. पुरुष माणसं बोटीवरून यायच्या आत हे उरकायला पायजे.”

ठरलेल्या दिवशी मी रजा टाकली. सासूबाईंनी लग्नातली जांभळी साडी काढली, मला चांगला ड्रेस घालायला लावला. साड्या घ्यायला जाणाऱ्या बायका गबाळ्या दिसून कसं चालेल? रिक्षात बसताना शेजारच्या काकी वलांडीवर बोंबील उलटत होत्या. या काकींना गल्लीत कुणाच्या घरी कोणती भाजी शिजते ते फोडणीच्या आवाजावरून कळतं.

“काय गो, सासू-सून नटून कुठं?”

“साड्या घ्यायला!” सासूबाईंनी इतक्या मोठ्यानं सांगितलं की पलीकडच्या आळीलाही कळलं असेल.

आधी सासूबाईंची पाळी. आपली सासू घाबरते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. भुलीची सुई पाहिली आणि त्यांनी माझं मनगट धरलं. वाऱ्यावादळात नवरा समुद्रात असताना न डगमगणारी ती बाई, तिच्या हाताला घाम सुटलेला. मी दुसऱ्या हातानं त्यांच्या बोटांवरून हात फिरवत राहिले. दाढ निघाली ती अखंड, मुळांसकट. डॉक्टरनं चिमट्यात धरून दाखवली तेव्हा कापसाचा बोळा तोंडात असूनही सासूबाईंच्या डोळ्यांत अभिमान मावेना. माझी आडवी होती, ती तुकडे करून काढावी लागली. नर्स म्हणाली नातेवाइकांनी बाहेर बसा, पण सासूबाई माझ्या पायाशी उभ्या. “आप बाहर बैठिए ना, माँजी,” ती दोनदोनदा सांगत होती. तोंडात बोळा असलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. सासूबाई हलल्या नाहीत. भुलीमुळे मला दुखत नव्हतं, नुसतं कुणीतरी जबडा ढकलतंय असं वाटत होतं, आणि सगळा वेळ माझी पावलं कुणीतरी चोळत होतं.

निघताना डॉक्टरनं सूचना दिल्या. थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, गरम खायचं नाही, आइस्क्रीम खाल्लं तर उत्तम. “आणि आज फार बोलू नका हं. जबड्याला आराम द्या.”

सासूबाईंनी मान हलवली. त्यांनी त्यातलं ‘फार’ ऐकलं नव्हतं, हे मला पुढे कळायचं होतं.

बोळे काढल्यावर आम्ही स्टेशनजवळच्या दुकानात आइस्क्रीम खायला गेलो. सासूबाईंनी बोटानं दाखवून सगळ्यात लालभडक निवडलं. आता, अर्धा ओठ बधिर असताना आइस्क्रीम खाणं हा काय प्रकार असतो ते खाल्ल्याशिवाय कळत नाही. चमचा तोंडात गेला की बाहेर राहिला ते कळत नाही. ओठ मिटलाय असं वाटतं आणि तो उघडाच असतो. सासूबाईंच्या हनुवटीवरून लाल ओघळ निघाला तो थेट जांभळ्या साडीच्या पदरावर. मी सांगायला गेले, “आही, फदरावर...” आणि माझ्याच तोंडातलं ओढणीवर सांडलं. सासूबाईंचे खांदे गदागदा हलायला लागले. हसायचं नाही, टाके आहेत! त्यांनी दोन्ही हातांनी गाल धरले, मी माझे धरले. दुकानदार गल्ल्यावरून वाकून विचारतोय, “तबियत ठीक है ना?” आणि आम्ही दोघी गाल धरून, डोळ्यांतून पाणी काढत, आवाज न करता हसतोय. मला वाटतं आयुष्यात मी तितकं मन लावून कधी हसले नाही.

गावात रिक्षा थांबली तेव्हा काकी तिथंच होत्या.

काकींना दिसलं ते असं: सकाळी नटून, हसत, साड्या घ्यायला गेलेल्या सासू-सुना परत आल्या. हातात पिशवी नाही. दोघींचे डोळे रडून लाल. सासूचा उजवा गाल सुजलेला, सुनेचा डावा. एकीच्या पदरावर लाल डाग, दुसरीच्या ओढणीवर लाल डाग.

“अगो बाय! काय झालं?”

मी तोंड उघडलं. म्हटलं काहीतरी थाप मारावी, रिक्षाला धक्का लागला वगैरे. “काही नाही, काकी, आम्ही...” एवढ्यात सासूबाईंचा हात सपकन माझ्या तोंडावर आला. डॉक्टरनं बोलायला बंदी केली होती ना! दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी स्वतःच्या ओठांवर ठेवलं, डोळे वटारले, आणि मला दंडाला धरून घरात नेऊन दाराला कडी लावली.

मी आत खुणांनी सांगायचा प्रयत्न केला की आई, हे फार वाईट दिसलं. त्यांनी खुणेनं उत्तर दिलं की गप्प बस, टाके तुटतील.

संध्याकाळ होईपर्यंत गल्लीत निकाल लागला होता. साडीवरून भांडण झालं. सासूनं सुनेला मारलं, सुनेनं सासूला. काकींनी याचा पुरावाही दिला. समोरासमोर उभं राहून उजव्या हातानं मारलं की थप्पड डाव्या गालावर बसते, म्हणजे सुनेला सासूनं मारली हे उघड. पण सासूचा उजवा गाल कसा सुजला? तो डाव्या हातानं मारल्याशिवाय सुजत नाही. आणि या घरची सून डावखुरी आहे, हे लग्नात उखाणा घेऊन घास भरवताना सगळ्या गावानं पाहिलं होतं! “सून सांगायला लागली तर हिनं तोंड दाबलं,” हे काकी शेवटी पुरवणी म्हणून जोडायच्या.

दिवेलागणीला दार वाजलं. गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष स्वतः आले होते, मागे काकी आणि आणखी चार बायका. अध्यक्ष म्हणजे दूरच्या नात्यानं आमचे सासरेच लागायचे. सज्जन माणूस, पण बोलायला लागले की थांबत नाहीत. ते ओटीवरच्या खुर्चीत बसले. सासूबाई एका कोपऱ्यात बर्फ गालाला लावून, मी दुसऱ्या कोपऱ्यात बर्फ गालाला लावून.

“वहिनी,” अध्यक्ष म्हणाले, “घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतं. पण हात उचलायचा?”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. काय चाललंय हे दोघींच्या एकदमच लक्षात आलं. सासूबाईंची भुवई वर गेली, आणि ती वर जाताना त्यांचा सुजलेला गाल तिच्यासोबत गेलाच नाही. मला ते बघवेना. मी गुडघ्यात डोकं घातलं.

“आणि सूनबाई, तू तर शिकलेली. कंपनीत जाणारी. सासू म्हणजे आईच. आईवर कुणी हात टाकतं का? तोही डावा?”

माझे खांदे हलायला लागले. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. तरी त्यांच्या नाकातून घूं असा आवाज आला. आता आमच्या दोघींच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि टाक्यांना ओढ बसून कळा येत होत्या, म्हणून मधूनच खरं कण्हणंही निघत होतं.

अध्यक्षांनी डोळे पुसले. “रडा,” ते म्हणाले, “रडा. मोकळ्या व्हा. पश्चात्तापासारखं औषध नाही.”

काकींनीही डोळे पुसले.

खरं म्हणजे तिथंच सांगून टाकायला हवं होतं. पण सासूबाईंचं मौन म्हणजे मौन, आणि त्यांच्या दातांचं गुपित ते गुपित. मी तोंड उघडायला लागले की त्या असं बघायच्या की बास. अध्यक्ष समाधानानं गेले. आम्ही थंड पेज प्यायलो, गोळ्या घेतल्या. त्यात माझ्या आईचा फोन आला. उचलून काय करणार, बोलता तर येत नव्हतं. मी मेसेज टाकला: ‘आत्ता बोलता येत नाही. सासूबाई बाजूलाच बसल्यात. काळजी करू नकोस.’ आणि फोन बंद करून गाढ झोपले.

आज तो मेसेज आठवला की मी कपाळावर हात मारते. कोणती आई असा मेसेज वाचून काळजी करणार नाही?

सकाळी सूज भलतीच वाढली होती. माझा चेहरा एका बाजूनं पेरू ठेवल्यासारखा. सासूबाईंच्या गालावर तर जांभळट छटा आलेली. आम्ही दोघी अंगणात ऊन खात बसलो होतो, तोच एकाच वेळी दोन रिक्षा येऊन थांबल्या. एकीतून माझी आई उतरली. दुसरीतून सासूबाईंच्या धाकट्या बहीण, एडवणच्या मावशी. त्यांना काकींनी फोन केला होता.

माझ्या आईनं माझा गाल पाहिला. “अगं बाई! काय केलं हे माझ्या पोरीचं?”

एडवणच्या मावशींनी सासूबाईंचा गाल पाहिला. “माज्या बयनीवर हात टाकला? या वयात?”

मग त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“तुमच्या बहिणीनंच आधी मारलं असेल,” आई म्हणाली.

“तुमच्या पोरीला वळण नाय, ते हळदीलाच दिसलं होतं!”

“हळदीचं तुम्ही बोलू नका. आमच्याकडची माणसं त्या रात्री अर्धपोटी उठली.”

“अर्धपोटी? सुरमईच्या तुकड्या पिशवीत घालून कोण नेत होतं, सांगू?”

माझी आई, आयुष्यात जिनं भाजीवालीशीही आवाज चढवला नव्हता, पदर खोचून पुढे झाली. मावशीही पुढे झाल्या. गल्ली भरली. काकी पुढे, त्यांच्यामागे त्या चार बायका, त्यांच्यामागे कामधंदा सोडून आलेले अध्यक्ष. मी घाबरून ओरडले, “आई!”

माझी आई वळली. सासूबाईही वळल्या. आणि मी बोललेलं ऐकून सासूबाईंचं काय झालं कुणास ठाऊक, त्या ताडकन उठल्या, दोघींच्या मधे घुसल्या, माझ्या आईचा हात धरून तिला जवळ ओढलं, आणि आ वासला. पूर्ण. मागचं खिंडार दिसेल एवढा.

“हे बग, विहीणबाय!” बोटानं दाखवत त्या म्हणाल्या. जीभ जड, शब्द फुगलेले, पण आवाज तोच, समुद्रावर हाक मारणारा. “दाड! दाड काडली! तिची पण, माजी पण! बोईसरला, डाक्टरकडं! कुणी कुणाला मारलं नाय!”

आई जवळ वाकून बघायला लागली. मावशींनी मान घातली. “खरंच गो, टाका हाय.” मग माझं तोंड उघडायला लावलं. तेही सगळ्यांनी पाहिलं.

“पण साड्या?” काकी क्षीण आवाजात म्हणाल्या.

“खोटं सांगितलं,” सासूबाई म्हणाल्या.

“आणि ते रक्त?”

“आइस्क्रीम!” मी म्हणाले.

मागून अध्यक्षांचा आवाज आला, अगदी हळू: “म्हणजे काल तुम्ही दोघी रडत नव्हता?”

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा बांध फुटला. त्या हसल्या तशी मी हसले, मग माझी आई, मग मावशी. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून हसत होत्या, आताच भांडत होत्या ते विसरून. अध्यक्ष बिचारे आधी ओशाळले, मग तेही हसायला लागले. हसता हसता त्यांनी गालाला हात लावला. “हसलो की माझीही दुखते,” ते म्हणाले. “खालची. वर्ष झालं.”

“दावा,” सासूबाई म्हणाल्या.

पुढचा अर्धा तास आमच्या अंगणात जे चाललं ते मी कुणाला सांगितलं तर पटत नाही. अध्यक्षांनी तोंड उघडलं. काकींनी उघडलं. त्यांच्या दोन दाढांची नुसती टरफलं उरली होती, आणि काकी त्यावर तंबाखूची मशेरी दाबून दिवस काढत होत्या. चार बायकांपैकी तिघींनी उघडलं. सासूबाई एकेकीला उन्हाकडे तोंड करून उभं करत होत्या, मोबाईलचा दिवा आत मारत होत्या, आणि आता मौन सुटलंच होतं म्हणून भरपाई करत होत्या. “काय भ्यायचं नाय गो! एक सुई टोचतात, मंग डोंगर ओढला तरी कळत नाय. डाक्टरीण माजीच पोर समज. माजं नाव सांग तिला.” ज्या दातांचं गुपित जपायला आदल्या दिवशी माझं तोंड दाबलं होतं, त्यांच्याच जोरावर त्या आता गावाच्या दंतवैद्य झाल्या होत्या. पुढच्या आठवड्यात आमचे टाके काढायच्या वेळी आमच्यासोबत बोईसरला भरलेला टमटम गेला, ती वेगळीच जत्रा.

त्या दिवशी आई आणि मावशी परतल्या नाहीत. दोघींनी मिळून चूल ताब्यात घेतली. आईचं म्हणणं आमच्यासाठी मऊ खिचडी, मावशींचं म्हणणं बोंबलाचं पाणी घातलेली पेज. यावरून पुन्हा जरा आवाज चढले, पण आता त्यात राग नव्हता, गंमत होती. शेवटी दोन्ही झालं. काकी आइस्क्रीमचा मोठा डबा घेऊन आल्या, ‘पांढरं आणलंय, डाग नाय पडत’ म्हणत. अध्यक्ष ओटीवर होतेच. बायका दारापर्यंत बसलेल्या. सासूबाई मधोमध, गाल फुगलेला, हातवारे करत खुर्चीतली सुईची हकीकत तिसऱ्यांदा सांगत होत्या, आणि दर वेळी सुई लांब होत होती.

एवढ्यात वाळूतून कुणीतरी धावत आल्याचा आवाज आला. बोट एक दिवस लवकर लागली होती. नवऱ्यानं किनाऱ्यावरूनच घरापुढची गर्दी पाहिली आणि घरात काही विपरीत झालं असं धरून तो तसाच पळत सुटला, गुडघ्यापर्यंत ओला, खांद्यावर अजून दोराचं वेटोळं. मागून सासरे धापा टाकत. दोघे दारात येऊन थबकले. नवऱ्यानं त्याच्या आईचा गाल पाहिला. मग माझा पाहिला. मग त्याची सासू चुलीपाशी, मावशी तिच्या शेजारी, आणि खुर्चीत तंटामुक्तीचे अध्यक्ष.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “काय झालं?” त्यानं विचारलं.

घरातल्या सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या.